लाईट भाड्यातच

अगं सुनंदे, दोन शब्द बोलून फोन ठिवून पळालीस, म्हणून हे लिहितेय. शिर्डीत नोकरी लागली, खोली बघितलीस, आणि मावशीला काय सांगतेस? "लाईटबिल भाड्यातच हाय, फुकटच पडली." फुकट म्हणं! शिकलेली ना तू? मालकाला हो म्हणायच्या आधी हे वाच.

नाताळाच्या आदल्या आठवड्यातली संध्याकाळ. सावेडीत एका बंगल्याच्या खालच्या खोलीत मी भाड्यानं राहत हुते. दारात कागदाची चांदणी, आत बल्ब. चर्चची गाणारी मंडळी अंगणात आली. पाळकबाई, लेकरं, पेटीवाला. दुसरं कडवं सुरू झालं आणि फटकन अंधार. चांदणी गेली, खोली गेली. वरचा मजला मात्र लखलखीत.

मालक जिना चढून गॅलरीत आला आणि ओरडला, "ए बाई! भाड्यात लाईट दिली म्हणजे जत्रा भरवायची का?"

गाणं तुटलं. एक चिमुरडी म्हणाली, "आजी, तुमचीच कशी गेली?"

काय सांगू तिला? माझ्या खोलीचा मेन स्विच त्याच्या जिन्याखाली, कुलपात. ही काय पहिली खेप न्हवती. मी साडीला फॉल लावायला बसले, मशीनची घरघर वर गेली, की लाईट बंद. "घर आहे हे, कारखाना नाही." भर उन्हाळ्यात पंखा बंद. "तुमच्या लोकांना कशाला लागतो पंखा?" माझे लोक! घाम काय त्याच्याच लोकांना येतो?

वयानं मी मोठी. तरी दर वेळी जिन्याखाली जाऊन म्हणायचे, "चुकलं साहेब." मग तो लाईट सोडायचा. भीक घातल्यासारखी. आणि ती लाईट माझ्याच भाड्यातली!

त्या संध्याकाळीबी ओठावर आलंच हुतं. पण काय चुकलं माझं? गाणं? चांदणी? मी वर बघून म्हणाले, "साहेब, माझ्या खोलीला वेगळं मीटर बसवा. बिल मी भरते."

तो हसला. "ऐपत आहे का?"

"ते मीटरला कळंल."

"माझ्या घरात दुसरं मीटर बसणार नाही."

"मग माझं बिऱ्हाडबी बसणार न्हाई."

पेटीवाला "व्हय आजी!" म्हणाला. पाळकबाईंनी मोबाईलची बॅटरी धरली, मी स्टुलावर चढून चांदणी काढली. गाणं आम्ही रस्त्यावर पुरं केलं. महिना भरला तशी खोली सोडली.

आताची खोली लहान, वर पत्रा. सबमीटर आणि मेन स्विच, दोन्ही माझ्या दारात. महाग पडतं, खोटं कशाला बोलू? आणि सवय लई वाईट गं. अजूनबी लाईट गेली की आधी मान वर जाते, तोंडात येतं, चुकलं साहेब. जीभच चावावी वाटते.

या नव्या मालकाला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी जाळलं, मी भरीन. तुमच्या भिंतीतला पाईप गळला तर त्या पाण्याचं बिल तुमचं. पण माझ्या खोलीचं बटण दुसऱ्याच्या हातात असंल, तर फुकटातबी राहणार न्हाई. कुणापुढंच आता "चुकलं" म्हणणार न्हाई.

खोलीला हो म्हणायच्या आधी त्या मालकाला एवढंच विचार, मेन स्विच कुठं हाय? आणि येत्या रविवारी ये. दिवेलागणीच्या आत ये. मी चांदणी टांगून ठिवते, बटण तू दाब.