वारूळवाडी ते डिंभ्याच्या वर: पिकअप, ट्रेलर आणि ताईची भातगिरणी

माझी ताई डिंभे धरणाच्या वरच्या एका गावात दिलीय. भात भरडायला तिथल्या बायका घोडेगाव गाठतात, म्हणून तिनं दारातच गिरणी काढायचं ठरवलं. शेड उभं राहिलं, वीज आली, साठवलेलं सगळं त्यात गेलं. राहिली फक्त मशीन पोचवायची. आमचे वडील, अण्णा, म्हणाले, टेम्पो सांगू. पण माझा पाय घरात ठरतोय कुठे? पिकअप घरची होती, ट्रेलर ओळखीतून मिळाला.

भरताना अण्णांनी मशीन पार मागच्या टोकाला घेतली. त्यांची हयात बैलगाडी हाकण्यात गेलेली. "खांद्यावर वजन न्हाई द्यायचं पोरी, जनावर सोलवटतं." मलाही पटलं. पिकअपला खांदा नसतो, हे आम्हा बापलेकीच्या डोक्यातच आलं नाही. साखळ्या लावल्या, मागचे दिवे तपासले, नारायणगावात मिसळ खाल्ली आणि महामार्गाला लागलो.

शेजारून ट्रक पुढे जायला लागले की मला मागे राहवत नाही. कळंबच्या अलीकडे उतारावर मीही वेग वाढवला आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागला. स्टिअरिंग हातात हलकं पडलं. बाजूला मोटारसायकलवर एक जोडपं, मांडीवर लेकरू. मी घाबरले, पण ब्रेक दाबला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. झुलणं हळूहळू थांबलं.

कडेला घेऊन ट्रेलर सोडवला. त्याची दांडी एका हातानं वर आली.

"उलाळ झालीय," अण्णा पुटपुटले. म्हणजे मागे जड. रस्त्याकडेच्या हॉटेलातली चार माणसं धावली. "पावणं, आदी हाक मारायची की राव." मशीन चाकांच्या जरा पुढे सरकवली, पिकअपची मागची बाजू थोडी बसली. ट्रेलर ओढणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, पुढच्या हुकावर वजन हवंच.

मंचर गेलं, घोडेगावला चहा झाला, अण्णा गप्पच. त्यांची पद्धत मोडली म्हणून रुसले, असं मी धरलं आणि उगाच बडबडत राहिले. डिंभ्याचं पाणी दिसायला लागल्यावर वळणं सुरू झाली. दुसरा गिअर, वळण रुंद घ्यायचं, घाई करायची नाही. हे शेवटचं मला लई जड गेलं.

ताईनं नारळ फोडला, पहिलं भात ओतलं. पांढरे तांदूळ पडले तशी ती रडली.

परतताना रिकामा ट्रेलर नुसता खडखडत होता. घरी पोचल्यावर मी विचारलंच, "अण्णा, रागावलात?"

"कशापायी?"

"मशीन पुढं घेतली म्हणून."

"मशीन फुटली असती तर रान इकून दुसरी आणली असती. त्या उतारावर मला मशीन दिसतच नव्हती. तू दिसत व्हतीस."

ते पायरीवर बसले होते, मी शेजारी टेकले. पुढच्या आठवड्यात ओतूरला जायचं डोक्यात घोळत होतं, गाडीची चावी हातात होती. पण उठवेना.