काटा थांबेपर्यंत

हरेशचा फोन आला तेव्हा मी आईच्या उजव्या पायाला तेल लावत होतो. हरेश म्हणजे मंदाताईंचा धाकटा भाऊ. एरवी फोनवर आधी इकडचं तिकडचं बोलणारा माणूस, त्या दिवशी थेट म्हणाला, "ताई गेली." आदल्या दुपारी वागळे इस्टेटमधल्या गाळ्यातच, काम करता करता छातीत कळ आली आणि संपलं… आईनं विचारलं, कुणाचा फोन? मी म्हणालो, ऑफिसचा. तिला धक्का सोसणार नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं. पुढचे अठरा दिवस बातमी दाबून ठेवली आणि मंदाताईंनी मला शिकवलेली एकुलती एक गोष्ट सोयीस्करपणे विसरलो.

मंदाताई गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक बिघाडांच्या डॉक्टर होत्या. कोपरला मिठागरात राबणाऱ्या घरातली ही मुलगी आयटीआय करून वागळे इस्टेटच्या एका मीटर बनवणाऱ्या कंपनीत लागली. तिथे वर्षानुवर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. कंपनीला टाळं लागलं तेव्हा बाकीचे हिशेबाच्या चिंतेत होते, आणि या बाईंनी त्याच गल्लीत गाळा घेतला. भल्याभल्या गॅरेजवाल्यांनी हात टेकलेल्या गाड्या त्यांच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. मी गेलेलो तेही असंच, सगळीकडून फिरून, नाइलाजानं. बाई गाडी दुरुस्त करणार म्हटल्यावर माझ्या कपाळावर आठी पडली होती, हे कबूल करायला आता लाज वाटते.

आमची एसयूव्ही चांगलीच जुनी. लोक विचारत, अजून विकली कशी नाही? न विकण्याचं कारण आई होती. तिला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, उजवा पाय उचलत नव्हता, आणि शब्द यायचे पण फार सावकाश. या गाडीला चाकांवर लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवा भरलेले रबरी फुगे आहेत. बटण दाबलं की हवा सुटते आणि गाडी चार बोटं खाली येते. आई म्हणायची, उंट बसतो तशी बसते. तेवढ्या चार बोटांच्या जोरावर ती कुणाचा हात न धरता चढायची, उतरायची, ठाण्याला व्यायामाला आणि मावशीकडे जायची. मग एके दिवशी डॅशबोर्डवर धोक्याचे दोन दिवे एकदम लागले. एक या हवेच्या सस्पेन्शनचा आणि दुसरा ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाक घसरायला लागलं की आवरणाऱ्या यंत्रणेचा. गाडी होती त्या उंचीवर अडकली. एका गॅरेजनं मागचा फुगा बदलला, दुसऱ्यानं हवा भरणारा कॉम्प्रेसर. चार दिवसांत दिवे परत हजर. मी आईला उचलून बसवायला लागलो. एकदा माझ्या हातून ती निसटता निसटता वाचली, आणि त्यानंतर तिनं बाहेर जायचं नावच टाकलं. दोन महिने खिडकीत बसून राहिली. बोलणंही हळूहळू आटत गेलं… मला भीती गाडीची नव्हतीच.

मंदाताईंकडे गाडी न्यायची त्या दिवशी घरी तिच्याजवळ थांबायला कुणी नव्हतं, म्हणून वॉचमनच्या मदतीनं, स्टुलावर चढवून तिला गाडीत बसवलं आणि सोबत नेलं. मंदाताईंनी आधी शिंप्याची टेप काढली आणि चारही चाकांपासून वरच्या पत्र्यापर्यंतची उंची मोजली. दोन तासांनी पुन्हा मोजली. तसूभर फरक नव्हता. साबणाचं पाणी फवारून पाहिलं, एक बुडबुडा आला नाही, म्हणजे हवा कुठेच गळत नव्हती. मग कुठे संगणक जोडला. त्यात तक्रारींची ही लांबलचक यादी. मी म्हणालो, मॅडम, बाकीच्यांनी याच यादीवरून पार्ट बदलले. त्या म्हणाल्या, कुठे दुखतंय ते मशीन सांगतं, का दुखतंय ते आपण शोधायचं. दोन दिवे एकाच क्षणी लागतात म्हणजे दोघांना खोटी खबर देणारा एकच कुणीतरी असणार. एवढं बोलून त्या उठल्या, आईच्या बाजूचं दार उघडलं आणि समोर स्टूल घेऊन बसल्या.

"आई, तुम्ही रोज या सीटवर बसायच्या. काय बदललंय गाडीत?"

मी घाईघाईनं म्हणालो की तिला गाडीतलं काही कळत नाही, आणि तिला बोलायला त्रास होतो.

"मी त्यांना विचारलंय," मंदाताई शांतपणे म्हणाल्या.

आणि थांबल्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मला तो वेळ असह्य झाला. आईचे ओठ हलत होते, मी शब्द पुरवायला पुढे सरलो, तर मंदाताईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला. शेवटी आई म्हणाली, "भिंत… लाल होत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता डोकंही गेलं हिचं. मंदाताईंनी मात्र खुर्चीतल्या साहेबाला विचारावं तितक्या अदबीनं विचारलं, कुठली भिंत? मग तुकड्यातुकड्यानं कळलं. आमच्या सोसायटीत गाडी मागे घेताना कंपाउंडची भिंत येते. मी ब्रेक दाबला की मागच्या दिव्यांनी ती लाल व्हायची, आई ते तिच्या बाजूच्या आरशात बघायची. गाडी बिघडली तेव्हापासून कधी व्हायची, कधी नाही. मंदाताईंनी मला ब्रेक दहा वेळा दाबायला लावला आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. दिवे सात वेळा लागले. ब्रेकच्या पेडलपाशी अंगठ्याएवढा एक स्विच असतो. पाय ब्रेकवर आहे की नाही, ही खबर तो गाडीच्या संगणकाला देतो. तो अधूनमधून खोटं बोलत होता, आणि कशावर विश्वास ठेवावा हे न कळून संगणकानं दोन्ही यंत्रणा बंद करून टाकल्या होत्या. नवा स्विच बसला, धोक्याचे दिवे गेले, बटण दाबलं. फुस्स करत गाडी खाली आली. आईनं पाय जमिनीला लावला, दाराचा आधार घेतला आणि स्वतःची स्वतः उतरली. मी पन्नाशीचा माणूस, गाळ्याच्या कोपऱ्यात तोंड फिरवून रडलो.

हे कसं जमतं, असं मी नंतर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, कंपनीत पहिल्या दिवशी शिकवलेलं, मीटरचा काटा थरथरतोय तोवर आकडा लिहायचा नाही. बस, इतकंच. पुढची दोन वर्षं दर रविवारी त्यांचा फोन यायचा, माझ्या मोबाइलवर पण आईसाठी. आई एक वाक्य जुळवायची आणि पलीकडे त्या थांबून असायच्या. तिची वाचा औषधांनी सुधारली असं डॉक्टर म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या अठरा दिवसांतले दोन रविवार मी फोनला रेंज नाही असं सांगून निभावले. तिसऱ्या रविवारी आईनं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "मंदा गेली का?" मी होकारार्थी मान हलवली. ती रडली नाही. खूप वेळानं म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?" दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वागळे इस्टेटला गेलो.

शटर अर्धं वर होतं. हरेश आत एकटाच वायरींची भेंडोळी लावत होता. त्यानं आईसाठी खुर्ची आणली. टेबलावर ताईंचा चष्मा तसाच उपडा पडलेला. आईनं तो सुलटा करून ठेवला. मग हरेशनं, आईच्या डोक्यावरून, मला विचारलं, "दादा, आईंना चहा चालेल ना? बिनसाखरेचा सांगू?"

गेलं वर्षभर मी तिला बिनसाखरेचाच देत होतो. तिला मधुमेह नाही, डॉक्टरांनी सांगितलेलंही नाही. वयाला बरा म्हणून मीच ठरवलेलं. ओठावर आलेला 'हो' मी गिळला आणि आईकडे पाहिलं. मग हरेशही पाहू लागला. आम्ही दोघं थांबलो.

"चालेल," आई म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, "दोन चमचे… साखर घाला."