राणीची हनुवटी

माणूस हा सर्व प्राणिमात्रांचा थोरला भाऊ आहे, असे आमच्या कॉलनीचे चेअरमन दर प्रजासत्ताकदिनी झेंड्याखाली उभे राहून सांगत. धाकट्या भावंडांपैकी कुत्र्यांना बिस्किटे मिळत, गाईला सणावारी पुरणपोळी मिळे आणि गाढवांना सकाळी शाळेची घंटा झाल्यावर कॉलनीच्या कमानीच्या आत यायला मनाई होती.

शहराला लागून असलेल्या आमच्या पिंप्राळ्याची काळी जमीन तुमच्यापैकी कोणी पावसाळ्यात तुडवली असेल, तर पुढचे वेगळे सांगायला नको. ऐंशीच्या दशकात आमची घरे उभी राहत होती तेव्हा ट्रक लांब डांबरी रस्त्यावरच वाळू ओतून जात. आत आला की चाके रुतलीच. त्यामुळे आम्हा नोकरदारांच्या सगळ्या भिंती गिरणा नदीतून थेट गाढवांच्या पाठीवर बसून आल्या. घरे झाली, रंग लागले, गेटवर पाट्या चढल्या आणि मग आमच्या लक्षात आले की गाढवांना वास येतो.

ही गाढवे जिची, तिला सगळे अक्का म्हणत. उंच, काटकुळी, नऊवारीचा काचा घट्ट मारलेली. नवरा गेलेला. नदीत दीर वाळू भरून देई, ती गाढवे घेऊन येई. तिला काहीही विचारले की ती आधी शेजारच्या गाढवाकडे बघे आणि मग म्हणे, "त्याले इचार."

"अक्का, आज उशीर का झाला?"

"त्याले इचार."

चेअरमन एकदा चिडून म्हणाले, "तुझी गाढवं रोज माझ्याच फाटकाशी का थांबतात?"

"त्याले इचारा ना साहेब. मी कितींदा इचारं, माले सांगत नही."

कोणी म्हणेल, हा विनोद होता. मला तसे कधी वाटले नाही. तिच्या तोंडावरची रेघ हलत नसे. प्राण्यांविषयी तिचे काही ज्ञान होते असेही नाही. गाढवाला नजर लागते म्हणून ती पायात काळा दोरा बांधी, आजारी पडले की हळद फासून मोकळी होई, आणि तिची निम्मी औषधे चुकीची असत. शिव्याही भरपूर देई. फक्त गाढवांवर काठी उगारलेली तिला खपत नसे, आणि शिव्या देण्याचा हक्क आपल्या एकटीचा आहे, असे तिचे ठाम मत होते.

पुढे चालणाऱ्या तपकिरी गाढवाचे नाव मास्तर. मी हायस्कुलात शिकवतो हे कळल्यावर ती मला गुरुजी म्हणू लागली, कारण मास्तर हे नाव आधीच गेलेले होते. त्याला मास्तर का म्हणतेस, असे विचारले तेव्हा मात्र तिने स्वतः उत्तर दिले. "पुढे चालस. मांगे कोन शे, पाहत नही."

हे तिचे निदानही चुकीचे निघाले. ते कसे, ते सांगतो.

चेअरमनांच्या बंगल्याचा वरचा मजला चालू होता. कंत्राटदाराने फाटक्या पोत्यांतला कळीचा चुना गाढवांवर लादला. वाटेत अवकाळी सर आली, चुना पाठीवरच फुलला, उसळला आणि राणी नावाच्या पांढुरक्या गाढवीच्या डोळ्यांत गेला. दोन्ही डोळे गेले. कंत्राटदार म्हणाला, गाढव तर आहे. चेअरमन म्हणाले, हा विषय कंत्राटदाराचा आहे. आणि चुना वाया गेला म्हणून अक्काची त्या दिवसाची मजुरी कापली गेली. थोरल्या भावाने धाकटीच्या डोळ्यांची अशी वाटणी केली.

अक्काने राणीला विकले नाही. विकून तरी घेतले कोणी असते? ती तिला रिकामीच बाकीच्यांबरोबर सोडू लागली. पहिले काही दिवस राणी भिंतींवर आपटे, खड्ड्यात जाई. मग एका सकाळी आम्ही सगळ्यांनी पाहिले ते असे: मास्तर पुढे, त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर हनुवटी टेकून राणी. तो गटारीपाशी आला की थांबे. तिची हनुवटी थांबे, म्हणजे ती थांबे. तो एक पाय पलीकडे टाकून अंग किंचित खाली घेई, ते तिला हनुवटीत कळे आणि तीही पाय उचले. तो पूर्वी तरातरा चाले, आता संथ झाला. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. पुढे पुढे राणी पुन्हा वाळू वाहू लागली. तीही मास्तरच्या मागे हनुवटी टेकूनच.

मी अक्काला म्हटले, "तुझा मास्तर मागे बघत नाही म्हणालीस ना?"

तिने मास्तरकडे पाहिले. "माले काय माहीत त्याना पोटमा काय शे. त्याले इचार."

आमच्या घरात या जोडीचा एक उपयोग झाला. वडील गेल्यापासून माझी आई बोलेनाशी झाली होती. डॉक्टर झाले, एरंडोलजवळच्या पद्मालयाला देवदर्शनाला नेऊन आणले, नातेवाइकांनी समजुती घातल्या. समजुतींनी ती अधिकच गप्प झाली. ती खिडकीत बसे. आणि एक दिवस तिने खिडकीतून मोठ्याने हाक मारली, "ए, हळू ने तिला, पुढे दगड आहे!" घरात आम्ही सगळे धावत आलो. ती मास्तरशी बोलत होती. त्यानंतर ती शिळी भाकरी राखून ठेवू लागली, गाढवांना भरवू लागली, आणि भाकरी कमी पडते म्हणून माझ्या बायकोशी भांडूही लागली. इतक्या महिन्यांनी घरात भांडण ऐकून मला फार बरे वाटले.

नव्वदनंतर शहरातल्या एका मंडळाने आदर्श वसाहतीची स्पर्धा काढली. स्वच्छता, वृक्ष आणि भूतदया असे तिचे तीन विषय होते. पाहुणे येऊन कॉलनी पाहणार होते. चेअरमनांनी कमान रंगवली, कुंड्या भाड्याने आणल्या आणि नगरपालिकेत अर्ज दिला की भूतदयेच्या पाहणीआधी गाढवांचा बंदोबस्त व्हावा.

अक्काची पद्धत अशी होती की वाळू उतरली की ती गाढवांना मोकळी सोडी. गाढवे आपली आपण नदीवर जात, अक्का मागून पोचे आणि भरलेली घेऊन परत येई. हे सगळ्या गावाला माहीत होते, त्यामुळे त्यांना पकडणे सोपे होते. कोंडवाड्याची माणसे दोर घेऊन वाटेत उभी राहिली. बाकीची गाढवे उधळली. मास्तर उधळला नाही. त्याच्या पाठीवर हनुवटी होती, आणि हनुवटीवाल्या गाढवीला पळता येत नव्हते. तो तिथेच उभा राहिला आणि दोघेही धरले गेले.

"बठ्ठा पयी ग्यात," अक्का मला सांगत होती. "हाऊच येडा उभा राह्यना." मी तिच्याबरोबर कोंडवाड्यात गेलो. तिथला कारकून सुपारी कातरत होता.

"गाढवं तुझीच कशावरून?"

अक्काने कुंपणापलीकडे पाहिले. "त्याले इचार."

कारकून हसला. अक्का हसली नाही. तिने नुसता घसा खाकरला, आणि मास्तर राणीसकट कुंपणापाशी येऊन उभा राहिला. कारकुनाने मान डोलावली आणि म्हणाला, "ते ठीक आहे. पण दाखला पाहिजे. नगरसेवकाचा, नाहीतर काम दिलेल्या प्रतिष्ठित माणसाचा."

माझी सही चालेना. मास्तर लोक प्रतिष्ठितांत मोडत नव्हते. नगरसेवक पाचोऱ्याला लग्नाला गेलेले. मी चेअरमनांकडे गेलो.

"ही गाढवं अक्काची आहेत, एवढंच लिहून द्यायचं आहे," मी म्हणालो.

"ते सगळ्यांनाच ठाऊक आहे."

"मग लिहा की."

"अहो सर, समजून घ्या. आमच्या वसाहतीत गाढवांचा उपद्रव नाही, असं मी मंडळाला लिहून दिलंय. आता गाढवं आमच्याकडे कामाला आहेत असं कसं लिहू? माणसानं एकदा लिहून दिलं की त्याला जागलं पाहिजे."

वर, ज्या मजल्यापायी राणीचे डोळे गेले त्या मजल्यावर, त्यांची सून कपडे वाळत घालत होती. मी बोट करून विचारले, हा मजला कोणी वाहून आणला? ते म्हणाले, "कंत्राटदाराने." माणूस खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखर तसे वाटत होते, आणि अशा माणसाशी भांडायला जागाच उरत नाही.

नगरसेवक परतले, त्यांनी सही दिली, तोवर लिलाव होऊन गेला होता. मास्तर धुळ्याच्या एका वीटभट्टीवाल्याने नेला. आंधळीला बोली लागली नाही. कारकून म्हणाला, "ही घेऊन जा, हिचं काही भरायला नको." तो सवलत देत होता.

राणी हलेना. दोघांनी ओढली, एकाने मागून रेटली. ती चार पाय रोवून, तोंड पुढे करून उभी. हनुवटी हवेत काहीतरी शोधत होती. मग अक्का तिच्यापुढे पाठ करून वाकली आणि म्हणाली, "गुरुजी, तिनं तोंड मना खांदावर ठेवा."

मी राणीचे तोंड तिच्या खांद्यावर ठेवले. अक्का चालू लागली, राणी चालू लागली. भर दुपारी शहरातून पिंप्राळ्यापर्यंत ती बाई वाकून चालत आली. लोक हसत होते. रिक्षावाले हॉर्न देत होते. खड्डा आला की ती थांबे, खांदा किंचित खाली घेई.

नदीची वाट कमानीखालूनच जात होती. त्याच दिवशी पाहुणे आले होते. मंडप, हारतुरे, माईक. अक्का निषेधाला आली नव्हती; तिला समारंभ आहे हेच ठाऊक नव्हते. ती खाली मान घालून राणीसह मंडपासमोरून निघाली.

पाहुण्यांनी विचारले, "हे काय?"

चेअरमन क्षणभरही अडखळले नाहीत. माईक तोंडाजवळ घेऊन म्हणाले, "साहेब, हा आमच्या वसाहतीचा उपक्रम आहे. अपंग जनावरांना आम्ही असं सांभाळतो."

टाळ्या झाल्या. फोटोवाल्याने अक्काला थांबवून फोटो काढला. चेअरमनांनी राणीच्या कपाळावर हात ठेवला. मी ओरडून जे काही बोललो ते माईकपुढे कोणाला ऐकू गेले नाही. आई खिडकीतून बघत होती. तिने खिडकी ओढून घेतली आणि पुढे कित्येक महिने उघडली नाही.

आठवड्याच्या आत अक्काने बाकीची गाढवे दिराच्या हवाली केली. राणीचे तोंड खांद्यावर घेऊन ती धुळ्याच्या वाटेला लागली. मी एसटीने पुढे जाऊन चौकशी करतो म्हटले, तर म्हणाली, "तुमले वळखाव नही तो." मग राणीकडे पाहून, "हाई वळखी."

पुढच्या वर्षी मी पेपर तपासायला धुळ्याला गेलो तेव्हा भट्ट्या फिरलो. एका ठिकाणी मुकादमाला आठवण होती.

"आली होती. आंधळी गाढवी भट्टीच्या तोंडाशी उभी केली न् बसून राहिली. आमचं एक गाढव विटांसकट रांग सोडून निघालं. मारलं, तरी थांबलं नाही. जाऊन तिच्यापुढं पाठ करून उभं राहिलं."

"मग?"

"मग काय. मालक फुकट देईना. बाईनं पावसापर्यंत इथं विटा वाहिल्या, गाढव सोडवलं न् गेली."

"कुठे?"

त्याने सातपुड्याच्या बाजूला हात केला. "तिकडं. तिघं मिळून."

आमच्याकडे ती परत आली नाही. येण्याचे तिला काही कारणही नव्हते.

स्पर्धेची ढाल आमच्या वसाहतीला मिळाली. ती चेअरमनांच्या दिवाणखान्यात आहे आणि तिच्यावर घोडा कोरलेला आहे, कारण दुकानात गाढवाचा साचा नव्हता.