टाकीत दगडाची पूड

झिओलाइटची अख्खी पिशवी मी कोंबड्यांच्या पाण्याच्या टाकीत ओतली.

झिओलाइट म्हणजे ज्वालामुखीच्या राखेतून झालेला दगड, दळून पूड केलेला. तो ओल शोषतो, विष्ठेतला अमोनिया धरून ठेवतो. खाद्यात जरासा मिसळायचा, कोंबड्यांखाली अंथरलेल्या भाताच्या तुसावर भुरभुरायचा. दगड पाण्यात विरघळत नाही, हे पुण्यात चौथीला शिकवतात. मी त्या दिवशी बहुधा गैरहजर होतो. हेब्बाळच्या सॉफ्टवेअर कंपनीत अकरा वर्षं काढल्यावर डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती : सगळ्यांपर्यंत पोचवायचं ते एकाच जागी टाकावं. लस पाण्यातून जाते, जीवनसत्त्वं पाण्यातून जातात, मग दगडानेच काय घोडं मारलंय?

घाई वासाची होती. देवनहळ्ळीजवळची ही ब्रॉयलरची शेड अक्कांची. अक्का इथल्या, कानडी मुलखात रुजलेल्या जुन्या मराठी घरातल्या. मी नोकरी सोडून आलेला त्यांचा नवशिका भागीदार. शेडला लागून प्लॉट पडले, बंगले उठले, आणि बंगलेवाल्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगून टाकलं : रविवारी येतो, वास आला तर पंचायतीत तक्रार, शेड बंद. शेड बंगल्यांच्या आधीची. नाक मात्र त्यांचं.

शनिवारी दुपारी पत्रा तापला आणि पक्षी चोची वासून धापा टाकायला लागले. पक्षी चोच लावून पाणी पितात ते नळ्यांचे निपल दाबून पाहिले, थेंब येईना. पूड नळ्यांत जाऊन बसली होती. अक्का आल्या, टाकीत हात घातला आणि कोपरापर्यंत राखाडी झालेला तो हात माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय रे?"

"खनिज, अक्का. नैसर्गिक."

"चिखलपण नैसर्गिकच असतोय. जा, घमेली आण!"

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं विहिरीवरून घमेली वाहत होतो. सात पक्षी गेले, बाकीचे वाचले. पण घमेल्यातलं पाणी कोंबडी नुसतं पीत नाही, त्यात उभी राहते, पंख झाडते, घमेलं पालथं करते. तूस चिंब झालं. रविवारी सेक्रेटरी आले तेव्हा वास त्यांना आणायला त्यांच्या गेटपर्यंत गेला होता.

रुमालाआडून ते म्हणाले, "आता काही बोलायचं उरलंय?"

उरलं होतं. "दहा दिवसांनी परत या. तेव्हा वास आला तर शेडला कुलूप मी स्वतः लावतो. आणि सर्दी झालेली असेल तर दुसरं नाक पाठवा."

अक्कांनी कपाळावर हात मारला. पण त्याही म्हणाल्या, "दहा दिवस द्या, सर. शेड माझी आहे, जबाबदारी माझी."

गावातल्या औषधवाल्याने पुडीचं नाव ऐकून हसून घेतलं. "दगड खाऊन कोंबडी मोठी होते होय? सोडून द्या." सोडून का द्यायचं? चूक माझी होती, दगडाची नव्हती. माझ्या मूर्खपणाची शिक्षा मी दुसऱ्या कुणाला भोगू देत नाही, खनिजालाही नाही. अक्कांनी टाकीच्या झाकणाला साखळी घातली, किल्ली पदराला बांधली आणि म्हणाल्या, "आता कर काय करायचं ते."

मग मी रीतसर केलं. ओलं तूस खोऱ्याने ओढून बाहेर काढलं, कोरडं पसरलं, वर पूड भुरभुरली, रोज सकाळी उकरलं. ताडपत्रीवर पूड आधी मूठभर खाद्यात कालवायची, मग ते ढिगात; शंभर किलोला दीड किलो, वर चिमूटही नाही. खरं सांगायचं तर निम्मं श्रेय पुडीचं आणि निम्मं माझ्या पाठीचं. पण औषधवाल्याला मी सगळं पुडीचंच सांगितलं.

दहाव्या दिवशी सेक्रेटरी आले. रुमाल तोंडाशी धरून आत शिरले. मधोमध जाऊन थांबले. रुमाल खाली घेतला, वाकून तूस हुंगलं, पुन्हा हुंगलं. त्यांचा चेहरा पडला.

"नाही येत," ते म्हणाले. "तक्रार नाही करत आम्ही. पण तुम्ही केलंत काय?"

माझी छाती फुगली. "त्याचं असं आहे, सर, खनिजं म्हटली की..."

अक्कांनी मला हाताने बाजूला सारलं. "सरी, ठीक झालं, शेडवरची तक्रार मिटली. आता याची तक्रार कुठं द्यायची, ते जरा स्वल्प सांगा."