उत्तर नसलेलं गाणं

तिचं पुस्तक हाती आलं तेव्हा मी आधी शेवटचं पान उघडलं आणि ऋणनिर्देशात आपलं नाव शोधलं. होतं. सातव्या नंबरवर, तिला मोटारसायकलवर गावोगावी नेणाऱ्या कोण्या भाच्याच्या खाली. मग किंमत पाहिली, कागद चोळून पाहिला. कागद चांगला होता, त्यामुळं आणखीच डोकं फिरलं.

ही बाई माझ्या हाताखाली शिकली, हे मी त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितलं. चहाच्या टपरीवरही सांगितलं. आमच्या चंद्रपूरच्या पेपरात ती आली तेव्हा तिच्या पहिल्या बातमीत मी अर्ध्याहून जास्त ओळी खोडल्या होत्या. मी बावीस वर्षं या भागातल्या गाण्यांवर लिहीत आलोय. कोळशाच्या मुलखात संगीताचा पत्रकार म्हणजे काय, ते मला विचारा. सकाळी माजरीला कामगारांचा मोर्चा, दुपारी पाणीटंचाईची बैठक, आणि एवढं देऊन पानात जागा उरली तर रविवारी माझा गाण्यांचा कॉलम. जाहिरात आली की पहिली कात्री माझ्यावर. तरी लिहिलं. झाडीपट्टीतली नाटकं, पेटीवाले, भजनी मंडळं, कोणाला सोडलं नाही. त्यातून माझं पहिलंच पुस्तक तयार झालं होतं आणि नागपूरच्या प्रकाशकाकडे छपाईच्या रांगेत होतं. ते यायच्या आधी हिचं आलं.

आणि आलं ते नेमकं माझ्या गाण्यावर. चिमूरच्या पुढं एका गावात धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, वेळी बाया एक गाणं म्हणतात. ते पहिल्यांदा मी छापलं. गावातली एक म्हातारी मला ते म्हणून दाखवायची. सासरी आलेली बाई विचारते, माझ्या भावानं काय धाडलं? पुढच्या ओळीत विचारते, कोणाच्या हाती धाडलं? मग, तो कुठवर आला? नुसते प्रश्न. उत्तर एकाही ओळीत नाही. त्यावर मी माझा सिद्धांत उभा केला होता, की हे उत्तर न मिळणाऱ्या बाईचं गाणं आहे, सगळं दुःख त्या रिकाम्या जागेत आहे. नागपूरच्या एका व्याख्यानात हे सांगितलं तेव्हा समोरच्या एका प्राध्यापिकेनं डोळे पुसले होते. माझ्या पुस्तकाचं नावही त्यावरूनच ठेवलं होतं.

हिच्या पुस्तकात त्याच गाण्याला उत्तरं होती. भावानं काय धाडलं? चिचेचा टोपला धाडला. कोणाच्या हाती? आंधळ्या बैलाच्या हाती. कुठवर आला? तुझ्या सासूले पाहून माघारी पळाला. म्हणजे गाणं दुःखाचं नाहीच, थट्टेचं. वाचताना माझ्या कानांतून वाफा निघाल्या. मी मनाशी म्हटलं, घरी बसून रचलंय हिनं.

संपादकांनी पुस्तक परीक्षणाला माझ्याकडेच दिलं. "तुमचाच विषय आहे भाऊ, तुमीच लिहा." मला तर हेच हवं होतं. एका बैठकीत लिहून काढलं. उत्तराच्या ओळी बनावट आहेत, लोकगीतात स्वतःची भर घालणं ही बेइमानी आहे, असं स्वच्छ लिहिलं. इतकं चांगलं गद्य मी कधी लिहिलं नव्हतं, हेही सांगून टाकतो. फक्त म्हातारीच्या तोंडचं एक वाक्य हवं होतं, की असं काही आमच्यात नाही. तेवढं टाकलं की तिचं पुस्तक आडवं आणि माझं उभं.

रविवारी सकाळी गाडी काढली. म्हातारी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिनं नेहमीची प्लास्टिकची खुर्ची दिली, आत चहा सांगितला. आत तिची धाकटी जाऊ. या घरी मी सात-आठ वर्षं येतोय, दर वेळी चहा त्या जाऊबाईच्या हातचा. तिच्याशी माझं बोलणं कधी ‘बस, एवढा पुरे’ म्हणण्यापलीकडे गेलं नसेल.

मी पुस्तक उघडून त्या ओळी वाचून दाखवल्या. विचारलं, "बाई, हे खोटं आहे ना?"

म्हातारी हसली. "खोटं काऊन? हे तिकडच्या रांगेचं आहे."

"तिकडची रांग कोणती?"

मग तिनं मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणा करायला बाया दोन रांगांत उतरतात. एक रांग विचारते, दुसरी उत्तर देते. थोरल्या सुनांची रांग विचारायची, धाकट्यांची उत्तराची. आपल्या रांगेचं आपण म्हणायचं, दुसरीचं तोंडात घ्यायचं नाही, तशी रीतच आहे. म्हातारी थोरली. तिच्याकडे प्रश्नच होते.

"मग एवढी वर्षं सांगितलं काऊन नाही?"

"तुमी मले म्हणाले, म्हण बाई. मी मायं म्हटलं. ते पोरगी आली, चिखलात उतरली, आमच्यासंग धानाचे पऱ्हे रोवले तिनं. दोन्हीकडचं तिनं आयकलं."

खिशात घडी घातलेलं परीक्षण होतं. मला आधी राग आला तो म्हातारीचा. मग त्या पुस्तकवालीचा, की ही चिखलात उतरली कशाला, कोणी सांगितलं होतं. एवढ्यात जाऊबाई चहा घेऊन बाहेर आली. कप माझ्या हातात देऊन ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि पहिल्यांदाच माझ्याशी धड बोलली.

"मी तं म्हणून राह्यली होती ना भाऊ. तुमी पहिल्यांदा आले तवा. बाई इकडून इचारे, मी चुलीपासून उत्तर देओ. तुमीच म्हणाले, आतला आवाज बंद करा, रेकॉर्डिंग खराब होते."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी म्हटलं होतं. तेव्हा नवीन रेकॉर्डर घेतला होता आणि त्याची फार काळजी असायची. खुर्चीतून मान वळवून, जरा खेकसूनच म्हटलं होतं. त्यानंतर ती कधी म्हणाली नाही, आणि त्या गप्प बसण्यावर मी अख्खं पुस्तक लिहिलं.

चहा संपवला. आता तरी दोघी मिळून म्हणता का, असं विचारलं, तर जाऊबाई म्हणाली, "आता नाई. रोवण्याले या."

घरी येऊन ते परीक्षण फाडलं आणि दुसरं लिहिलं. त्यात लिहिलं की गाणं पूर्ण तिला मिळालं, आणि मला अर्धं मिळालं ते माझ्याच सांगण्यावरून. हे एक वाक्य लिहायला पूर्ण दुपार गेली. मग प्रकाशकाला फोन करून छपाई थांबवली. तो म्हणाला, असू द्या ना, कोणाला कळते. मी फोन ठेवला.

परीक्षण वाचून पुस्तकवालीचा फोन आला. भाऊ, थँक्यू, म्हणाली. मी छान छान म्हटलं. पण माझी जळजळ गेली म्हणाल तर नाही गेली. आधी पुस्तकाची होती, कागदाची होती, सातव्या नंबरची होती. आता एवढीच आहे, की त्या जाऊबाईनं चुलीपासून पहिलं उत्तर मला दिलं होतं, तिला नाही.