इस्त्रीवालीने काढलेलं उट्टं

इस्त्रीवाली डूख धरणारी बाई आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. एका गिऱ्हाइकाने चारचौघांत तिच्या नवऱ्याला बावळट म्हटलं, तर पुढे कितीतरी महिने त्या गृहस्थाच्या पँटची घडी वाकडीच पडत राहिली. नवरा तसा खरोखरच थोडा बावळट होता. पण ते म्हणायचा हक्क फक्त तिचा होता.

त्यांच्या एकुलत्या एका पोराला बापाने भोंगा असं नाव ठेवलं, कारण जन्मला तेव्हा त्याने इस्पितळ डोक्यावर घेतलं होतं. पुढे मात्र भोंगा बोलेचना. हाक मारली तर वळायचा नाही, कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. दिवसभर दुकानात टेबलाखाली बसून एक लाकडी ठोकळा फरशीवर पुढे-मागे ढकलायचा. मध्येच थांबून तोंडाने ‘फुस्स’ करायचा आणि पुन्हा ढकलायचा. एवढाच काय तो त्याचा आवाज.

तीन वर्षांचा झाला तेव्हा त्याला कोपऱ्यावरच्या तपासणी केंद्रात नेलं. तिथल्या मॅडम हुशार आणि बोलायला मऊ. त्यांनी भोंग्यापुढे बाहुली ठेवली, खेळण्यातला फोन ठेवला. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. आपला ठोकळा काढला आणि टेबलावर ढकलू लागला. मूल ऑटिस्टिक आहे, असं मॅडमनी सांगितलं. ते खरंच होतं, आणि त्याबद्दल इस्त्रीवालीने त्यांना कधी बोल लावला नाही.

पण मॅडम पुढे म्हणाल्या, "हे ठोकळा ढकलणं आहे ना, त्याला काही अर्थ नाही. त्यातच अडकून बसेल तो. दिसला की वर ठेवून द्यायचा. रडला तरी."

इस्त्रीवालीने शब्द न शब्द पाळला. भोंगा फरशीवर डोकं आपटायचा आणि ती दात आवळून कॉलरीवर इस्त्री फिरवत राहायची. नंतर नंतर "वर ठेवायचं" म्हणत ती त्याला स्टुलावर चढवून ठोकळा त्याच्याच हाताने फळीवर ठेवायला लावू लागली. हळूहळू रडणं थांबलं. फुस्सही थांबलं. छान प्रगती आहे, मॅडम म्हणाल्या.

मग केंद्राने मुलांच्या घरी जाऊन शिकवणारी एक नवी ताई नेमली. ती दुकानात आली आणि स्टूल सोडून सरळ फरशीवर, भोंग्याच्या शेजारी जाऊन बसली. तिथून वर बघत राहिली. वर इस्त्रीवाली एका शर्टावर फवाऱ्याने पाणी मारत होती.

"वहिनी, हा आधी काय खेळायचा?"

"खेळ कसला? ठोकळा घासायचा नुसता. मध्ये फुस्स करायचा. मॅडमनी बंद करायला लावलं."

 ताईने फवाऱ्याकडे पाहिलं, मग इस्त्रीकडे.

इस्त्रीवालीने हातातला फवारा खाली ठेवला. पोरगा इस्त्री करत होता! बाहुलीशी त्याचं काय देणंघेणं? मॅडमना कळलं नाही ते सोडा, तिला स्वतःलाही कळलं नव्हतं. आपल्या या हमालीचा कोणी खेळ करील, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तिने ठोकळा काढून भोंग्याच्या हातात दिला. त्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि ठोकळा पुन्हा फळीवर ठेवून दिला.

रोज देऊन पाहिला. रोज तेच. तिला दुसरं काही नको होतं, पोराने पुन्हा एकदा फुस्स करावं. पोर काही करेना, आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत राहिला.

अशात मॅडमचा राखी लोकरी कोट इस्त्रीला आला. तिने तो टेबलावर पसरला, पाठीवर तापलेली इस्त्री ठेवली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"अगं, करपतंय!" नवरा ओरडला.

"नाक आहे मला."

संध्याकाळी मॅडम आल्या. "हे काय झालं?"

"जाळलाय. मुद्दाम." आणि मग तिने सगळं सांगितलं, आवाज न चढवता.

मॅडमचा चेहरा उतरला. "माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं, घरी काय काम चालतं म्हणून. माफ करा."

"माफी घाला चुलीत. बसा खाली."

मॅडम बसल्या. करपलेला कोट फरशीवर पसरून त्यांनी त्यावर ठोकळा फिरवला, ओशाळून ‘फुस्स’ही केलं. भोंगा बघत होता. तो सरकत जवळ आला आणि त्याने त्यांच्या हातातून ठोकळा घेतला.  भोंग्याने स्टूल ओढलं.

ठोकळा फळीवर गेला तेव्हा मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून इस्त्रीवालीला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. पण पुरलं नाही.

"उद्या या," ती म्हणाली.

"उद्या केंद्रात मला..."

"ते मला नका सांगू. तुम्ही घालवलंय, तुम्हीच परत आणायचं."

मॅडम अजून येतात. काम सुटलं की येऊन फरशीवर बसतात, ठोकळा फिरवतात. भोंगा तो काढून घेतो आणि वर ठेवून देतो. इस्त्रीवाली त्यांना पाणीही विचारत नाही. फळीवरचा ठोकळा काढते आणि पुन्हा त्यांच्या हातात देते.