सासऱ्यांच्या पोटावरचं लिंबू

मी सासऱ्यांचं धोतर कापलं तेव्हा ते अजून माझे सासरे झालेले नव्हते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. माझे आबा डोंगरकडा गावच्या तालमीचे वस्ताद. लेकरू म्हणून मी एकटीच, तेव्हा त्यांनी मलाच लाठी शिकवली, मग दंडपट्टा (कोपरापर्यंत लोखंडी मूठ, पुढं लवलवणारं लांब पातं). भाकरी तेवढी शिकायची राहिली. त्यापायी दोन स्थळं हातची गेली होती. तिसरं वसमतहून आलं, तेव्हा आईनं आबांना बजावलं, "हे गेलं तर पोरगी तालमीतच ठेवा."

मुलाचे वडील हळदीचे शेतकरी. पोट चांगलं सुटलेलं, त्यात नुकत्याच बारा पुऱ्या गेलेल्या. (मीच मोजल्या, दाराआड उभं राहून दुसरं काय करणार?)

"पोरीला काय काय येतं?" त्यांनी विचारलं.

"पट्टा," आबा बोलून बसले.

"आमीबी जवानीत खेळलो. तुमच्याकडं लिंबू कुठं ठेवून कापतेत?"

"तळहातावर."

"हात्तिच्या, हा तर लेकरांचा खेळ. आमच्या वसमतला पोटावर ठेवतेत." आणि पाहुणे अंगणात आडवेच झाले की!

आई म्हणाली, "हे पोरगी बघाया आलेत का शहीद व्हाया?"

मी सलामी केली, पट्टा फिरवला. आमच्याकडं लिंबू धरणारा श्वास रोखून धरतो. वसमतची रीत वेगळी असावी. ऐन वाराला पाहुण्यांनी बाराही पुऱ्यांचा ढेकर दिला. पोट हाललं, लिंबू घरंगळलं, आणि मी लिंबाच्या मागं गेले. करदोडा तुटला, धोतराची गाठ गेली. अंगावर ओरखडा न्हाई. लिंबूही शाबूत!

"उठा पाहुणे," आबा म्हणाले.

"उठता येऊन न्हाई राहिलं."

"काहून?"

"बायामाणसं उभी हायेत."

आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पण हातातच ठेवलं. "सोयरिकीचं काय ठरलं?"

पाहुण्यांनी एकदा उपरण्याकडं पाहिलं, एकदा माझ्या पट्ट्याकडं. "पसंत हाय. बराबर पसंत हाय. आता द्या ते."

वडलांसोबत आलेला मुलगा तोंडाला रुमाल लावून हसू दाबत गदगदत होता. तिथंच मला तो आवडला.

आई हरखून म्हणाली, "जा बाई, त्याच लिंबाचं सरबत कर." मी आत जाऊन लिंबू विळीवर धरलं. त्या दिवशी रक्त निघालं ते तेवढंच, माझ्या अंगठ्याचं. लिंबू शेवटी सासऱ्यांनीच चिरून दिलं, उपरणं नेसून.